डाळिंबाच्या सालीचा अर्क घालून पनीर खरंच टिकतं का?

माणदेशी_डाळिंब | मंगळवार, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. आटपाडीच्या अलीकडं आमचं छोटं युनिट आहे. लिलावात न चालणारं डाळिंब, म्हणजे तडकलेलं, डागाळलेलं, बारीक, ते घ्यायचं, दाणे काढायचे, थोडा रस करायचा. सिझनला मागच्या बाजूला सालींचा नुसता डोंगर होतो. फळाच्या वजनातला निम्म्याजवळचा भाग सालीतच जातो, हे धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. शेळ्या थोडी खातात आणि तोंड फिरवतात. खड्ड्यात टाकली तर लवकर कुजत नाही.

आता मुद्दा. मागच्या आठवड्यात एक विक्रेता आला होता. त्याच्याकडं डाळिंबसालीच्या अर्काची पावडर. सोबत माहितीपत्रक, त्यावर काचेच्या बशीचा फोटो, मधे भोक, भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ आणि खाली ‘१८ मिमी’. म्हणाला, पनीरमध्ये किलोला एक ग्रॅम टाका, आठवडाभर जादा टिकेल, यात केमिकल नाही, फिनॉलिक, म्हणजे वनस्पतीतच तयार होणारं द्रव्य, आहे. वहिनींचा बचत गट पनीर करतो, त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. किंमत ऐकून माझ्या डोक्यात वेगळंच आलं, की हा माल तर आपल्या अंगणात फुकट पडलाय, आपणच का काढू नये?

तर जाणकारांनी सांगावं. अर्क आपल्या पातळीवर निघतो का? त्यानं पनीर टिकतं का? आणि त्या १८ मिमीला किती भाव द्यायचा?


टवाळ_मिरजकर | मंगळवार, रात्री १०:०५

आधी वहिनींना विचारा, पिवळं पनीर खपवायची तयारी आहे का. नाव बाकी चांगलं देता येईल. ‘केशर पनीर, माणदेश स्पेशल’.


वैद्यबुवा_वाई | मंगळवार, रात्री १०:३१

यात शंका घेण्यासारखं काय आहे? डाळिंबाची साल अतिसारावर देतात, तीही शेकडो वर्षं. हळद, हिरडा, लवंग, ओवा, सगळे जंतुघ्न. आपल्या आज्यांना ठाऊक होतं तेच आता काचेच्या बशीत दाखवून विकत देतायत. बिनधास्त वापरा.


सूक्ष्मदर्शी_इस्लामपूर | बुधवार, सकाळी ७:१२

दादा, वर्तुळापासूनच सुरू करते, कारण कॉलेजात दरवर्षी निम्मे प्रोजेक्ट याच वर्तुळावर येतात आणि मी दरवर्षी तेच प्रश्न विचारून मुलांचा रोष ओढवून घेते.

ती बशी कशी तयार होते ते आधी बघा. आगर नावाच्या जेलीवर एकाच जातीचे जिवाणू ठरावीक दाट करून सगळीकडे पसरवतात. मग सहा किंवा आठ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात अर्क भरतात आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. अर्क जेलीत पसरत जातो आणि जिथवर त्याची ताकद पुरते तिथवर जिवाणू वाढत नाहीत. वर्तुळ मोजताना भोकाचा व्यासही त्यात धरतात. म्हणजे तुमच्या १८ मिमीतले सहा-आठ तर भोकाचेच.

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. जिवाणू कोणता? भोकात अर्क किती दाट होता? अर्क कशात विरघळवला होता, आणि शेजारच्या भोकात नुसतं ते द्रावण घालून बघितलं का? ओळखीचं प्रतिजैविक त्याच बशीत होतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क असेल, तर अल्कोहोलही आपलं वर्तुळ पाडतं. सॅनिटायझर म्हणून आपण तेच तर हाताला लावतो.

आणखी एक. वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जोरदार असा सरळ हिशोब नसतो. डाळिंबसालीतला मुख्य पदार्थ प्युनिकॅलाजिन. हा टॅनिन गटातला, म्हणजे तुरट फिनॉलिकांतला, बोजड रेणू आहे, पण पाण्यात विरघळतो, म्हणून पाणीदार जेलीत बऱ्यापैकी सरकतो. हळदीतलं कर्क्युमिन तेलकट स्वभावाचं, ते भोकाच्या काठाशीच बसून राहतं. एकाचं वर्तुळ १८ आणि दुसऱ्याचं १०, तेवढ्यावरून दुसरा कमकुवत ठरत नाही. खरा आकडा हवा तर अर्क निमपट-निमपट पातळ करत नेऊन कुठल्या पातळीपर्यंत वाढ थांबते ते द्रवात बघावं लागतं. रिझाझुरिन हा निळा रंग घालतात, जिवाणू जिवंत असतील तिथं तो गुलाबी होतो. बहुतेक वनस्पती-अर्कांचा हा आकडा दर मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅम ते काही मिलिग्रॅम येतो. संवेदनशील जिवाणूवर चांगलं प्रतिजैविक असेल तर एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहून कमीत काम होतं. माहितीपत्रकात या दोघांचे फोटो शेजारी-शेजारी छापतात, डोस मात्र छापत नाहीत.

आता पनीर. फोटोतला जिवाणू बहुधा स्टॅफिलोकॉकस असणार, कारण तो ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगचाचणीवरून जिवाणूंचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन गट करतात), आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू या फिनॉलिकांपुढे लवकर नमतात. ग्रॅम-निगेटिव्हांना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो, तो बरंचसं बाहेरच अडवतो. फ्रिजमधलं पनीर चिकट होतं, वास मारतं, ते बऱ्याचदा स्यूडोमोनास आणि त्याच्या थंडीत वाढणाऱ्या भाऊबंदांमुळे, नाहीतर बुरशीमुळे. हे स्यूडोमोनास ग्रॅम-निगेटिव्ह आणि वर चिवट. म्हणजे परीक्षा एकाची घेतली आणि पनीर नासवणारा दुसराच.

त्याहून मोठी अडचण प्रथिनांची. फिनॉलिकं जिवाणूला मारतात कशी? त्याचं आवरण सैल करतात, आतलं पोटॅशियम गळायला लागतं. त्याच्या एन्झाइमांना चिकटतात. त्याला लागणारं लोह धरून ठेवतात. यात चिकटण्याचा गुण सगळ्यात प्रबळ, आणि टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. तुरट चव लागते ती त्यामुळेच, लाळेतल्या प्रथिनांना धरून ते साका करतं. पनीर म्हणजे केसीनचा, दुधातल्या मुख्य प्रथिनाचा, गोळा. त्यात किलोला एक ग्रॅम टॅनिन घातलं तर ते आधी केसीनलाच धरणार, जिवाणूच्या वाट्याला किती उरणार? आखाड्याबाहेर एकटाच जोर-बैठका मारणारा पैलवान आणि मातीत उतरून चौघांनी धरलेला पैलवान, यांत जेवढा फरक तेवढा हा.

हवं तर घरी करून बघा. साल उकळलेलं दाट पाणी कोमट दुधात थेंब-थेंब सोडा. बारीक कण धरलेले दिसतील.


टवाळ_मिरजकर | बुधवार, सकाळी ८:०२

मॅडम, म्हणजे लिंबू न पिळताच पनीर तयार? वहिनींचा एक खर्च तर वाचला.


सूक्ष्मदर्शी_इस्लामपूर | बुधवार, सकाळी ८:१५

तुरट पनीर खाणारं गिऱ्हाईक तुम्ही आणून द्या.


राजापुरी_हळद | बुधवार, दुपारी १:४०

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात आमची तिसरी पिढी आहे. वैद्यबुवांनी हळद जंतुघ्न म्हटलं म्हणून लिहितो. परदेशी गिऱ्हाईक हळकुंड घेताना कर्क्युमिनचा टक्का विचारतं, आणि त्याच कागदावर जिवाणूंची संख्याही मागतं. ती भरपूर निघते! मातीतून आलेला कंद, खळ्यावर उन्हात पसरलेला, वर कबुतरं. कितीतरी माल वाफेनं निर्जंतुक केल्याशिवाय पुढं जातच नाही. हळदीत जंतू मरत असते तर हा खर्च आम्ही कशाला केला असता? याचं शास्त्रीय उत्तर मला हवं आहे, कारण गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी नुसता हसतो.

आणि साठवणुकीचं म्हणाल तर आमच्या हरिपूरची पेवं आठवा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या मातीत खोल खड्डे, वरून तोंड बंद, आत हळद वर्षानुवर्षं किडा न लागता राहायची. ती कर्क्युमिनमुळं राहत नव्हती. आत हवाच उरत नव्हती म्हणून राहायची. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू देत नसत, माणूस गुदमरायचा. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं मालासकट गेली. ओल लागल्यावर त्याच हळदीचं काय झालं ते आम्ही नाक दाबून बघितलंय.


वैद्यबुवा_वाई | बुधवार, दुपारी ३:२२

व्यापारी माणसाकडून हळदीची बदनामी! अहो, जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेनं लाटलं होतं, माशेलकरांनी लढून सोडवून आणलं. गुण नसता तर कुणी पेटंट घेतलं असतं का?


सूक्ष्मदर्शी_इस्लामपूर | बुधवार, रात्री ९:३०

वैद्यबुवा, रागावू नका, पण त्या खटल्याचा निकाल काय होता ते नीट बघू. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ते पेटंट मिळालं. डॉ. माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक असताना संस्थेनं आव्हान दिलं, जुने संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ते रद्द झालं कारण ही माहिती आपल्याकडे आधीपासून होती, नवी नव्हती. हळद किती जंतू मारते याचा निवाडा पेटंट कार्यालयानं केला नाही, त्यांचं ते कामही नव्हे. कर्क्युमिन जिवाणूंची वाढ रोखतं हे १९४९ सालीच छापून आलंय. ते मी नाकारत नाही. माझं म्हणणं डोस आणि जागा यांबद्दल आहे.

राजापुरी, तुमच्या गिऱ्हाइकाला हे सांगा. हळद वाळलेली असते, त्यामुळे आतले जिवाणू वाढत नाहीत, पण बॅसिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू झोपून राहतात. हे बीजाणू उकळीतून जिवंत बाहेर येतात, कर्क्युमिनची त्यांना फिकीर नाही. ओली हळद काहिलीत शिजवता तेव्हा बाकीचे बहुतेक मरतात, हे मात्र राहतात आणि शिजवल्यानंतर खळ्यावर नवे येऊन मिळतात. अशी हळद भाताच्या किंवा रस्स्याच्या पातेल्यात पडली आणि ते पातेलं रात्रभर ओट्यावर कोमट राहिलं की त्यांना जाग येते. भातातून होणारी बॅसिलस सिरियसची विषबाधा त्यातलीच. चिमूटभर हळदीतलं कर्क्युमिन तिथं पुरत नाही. वाळल्या हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के, पाण्यात न विरघळणारं, वर उजेडाला उडणारं. चुना लागला की हळद लाल होते आणि आपण कुंकू करतो. त्या अल्कधर्मी वातावरणात कर्क्युमिन फार काळ टिकतही नाही. शरीराच्या तापमानाला, किंचित अल्कधर्मी द्रावणात त्यातलं बहुतेक अर्ध्या तासात मोडतं.

पेवाचं उदाहरण फारच मोलाचं दिलंत. टिकण्याचं श्रेय कुणाला द्यायचं हाच या धाग्याचा प्रश्न आहे. लोणच्याचंही तसंच. हळद, लवंग, मेथी असतेच, पण राखण करतं मीठ आणि आंबटपणा. वरचं तेल हवा अडवतं. मीठ निम्मं करून हळद दुप्पट करा आणि बरणी किती दिवस उभी राहते बघा.


नागवेल_नरवाड | बुधवार, रात्री १०:१०

पानमळेवाला बोलतोय. खायच्या पानात यूजेनॉल आणि हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल असतं, तेही फिनॉलच, जंतू मारतं म्हणतात. पण आमच्या वेलाला मूळकूज लागली की मळा उभाच्या उभा जातो. स्वतःला वाचवता येईना त्या पानाला. एवढंच नोंदवतो.


तासगावचा_बेदाणा | गुरुवार, सकाळी ६:५०

तुमी हितं फिनॉल काढायला निघालाय आणि आमी बेदाण्यात त्याचा रंग दिसू नये म्हणून जीव टाकतोय. द्राक्षातलं फिनॉल आणि त्याचं एन्झाइम हवेत भेटलं की माल तपकिरी. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, सालीवरचं मेण सुटतं, जाळ्यांवर लवकर वाळतात. आणि मग गंधकाची धुरी, त्यानं ते एन्झाइम गप्प बसतं. हिरवा-पिवळा बेदाणा झाला तर भाव, काळपट झाला तर पडत्या भावात. परवा एक साहेब शेडवर आले आणि म्हणाले काळ्या बेदाण्यात अँटिऑक्सिडंट आहे. म्हटलं, तुमीच घेऊन जावा सगळा.


अर्कवाला_कराड | गुरुवार, सकाळी ११:२५

मी अर्क काढायच्याच धंद्यात आहे, कारखाना कुठला ते सांगत नाही. सूक्ष्मदर्शी मॅडमनी निम्मं काम केलंय, मी काढणीचं सांगतो. माणदेशी, अर्क तुमच्या पातळीवर निघतो. विकण्याजोगा निघतो का, हा वेगळा विषय.

पहिली गोष्ट, साल ओली साठवू नका. बेदाणावाले म्हणाले तेच एन्झाइम इथंही आहे. फळ फोडलं की साल काळवंडत जाते, ओल्या ढिगात ऊब धरते आणि बुरशी येते. दाणे काढले त्याच दिवशी साल हाताने मोडून पातळ पसरा. ५० ते ६० अंशांच्या ड्रायरमध्ये वाळवलेली उत्तम, सावलीत वारा खेळता असेल तरी चालतं. दोन बोटांत कडकन तुटली म्हणजे वाळली. मग भरडा. रव्याएवढी जाड ठेवा. मैद्यासारखी दळली तर गाळताना कापड बसतं आणि दिवस तिथंच जातो.

दुसरी, भांडं स्टीलचंच. लोखंडी कढईत साल उकळली की पाणी शाईसारखं काळं होतं. टॅनिन आणि लोह मिळून ते होतं, हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) मिसळून जुनी शाई करायचे ती हीच. तांब्याचं भांडंही नको. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तरी रंग बिघडतो, आणि तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, म्हणून आरओचं वापरा.

तिसरी, द्रावण. डाळिंबसालीचं नशीब असं की तिचं टॅनिन पाण्यात चांगलं उतरतं. एक भाग भरड, दहा ते पंधरा भाग पाणी, ५०-६० अंश, तासभर ढवळत. खळखळ उकळायची गरज नाही. जास्त वेळ तापवलं तर प्युनिकॅलाजिन मोडून एलॅजिक आम्ल होतं, ते पाण्यात विरघळत नाही, तळाशी पिवळट गाळ बसतो. अल्कोहोल आणि पाणी मिसळून आणखी निघतं, निम्मं-निम्मं ते सत्तर टक्क्यांपर्यंत. शुद्ध अल्कोहोलमध्ये मात्र कमी निघतं, कारण साल फुगायला पाणी लागतं. पण आपल्याकडं साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत म्हणून कॅन भरून अल्कोहोल आणता येत नाही, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि कुणी विकृत केलेलं स्पिरिट स्वस्तात देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मिथेनॉलचं तर नावच काढू नका. शोधनिबंधांत सर्रास मिथेनॉल वापरतात, कारण त्यांना फक्त मोजायचं असतं, खायचं नसतं. अल्ट्रासाउंड, मायक्रोवेव्ह, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड हे सगळं आहे, पण शेवटचं यंत्र घ्यायला तुमची अख्खी वस्ती गहाण पडेल, आणि टॅनिनसाठी ते सोयीचंही नाही. ते तेलकट पदार्थांसाठी बरं.

खरा खर्च पुढं आहे. दहा-पंधरा लिटर पाण्यातून ते पाणी घालवायचं कसं? गॅसवर आटवलं तर रंग जळतो. निर्वात दाबाखाली आटवायला यंत्र लागतं. पावडर करायची तर स्प्रे ड्रायर, आणि नुसता अर्क त्याच्या भिंतींना चिकटतो म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, घालावं लागतं. म्हणून विक्रेत्याला विचारा, पावडरमध्ये अर्क किती आणि माल्टोडेक्स्ट्रिन किती. निम्मं-निम्मं असेल तर किलोला एक ग्रॅम म्हणजे अर्धाच ग्रॅम अर्क झाला.

पातळ अर्क तसाच ठेवू म्हणाल तर तेही जमत नाही. चार दिवस बाहेर ठेवा, वर बुरशीची साय येते. काळी अॅस्परजिलस टॅनिन मोडणारं टॅनेज नावाचं एन्झाइम स्वतः तयार करते, तिला तर ते खाद्यच. परिरक्षकालाच टिकवायला फ्रिज, असा हा मामला.

अजून एक सापळा. ‘एकूण फिनॉल इतके’ असा जो आकडा देतात तो फोलिन चाचणीचा असतो. निळा रंग चढतो, ७६५ नॅनोमीटरला मोजतात, गॅलिक आम्लाच्या तुलनेत सांगतात. पण तो रंग क जीवनसत्त्वानेही चढतो, काही साखरांनीही चढतो. सालीला रस चिकटलेला असेल तर आकडा फुगतो. त्या आकड्यावर भाव ठरवू नका, प्युनिकॅलाजिन किती ते एचपीएलसीवर, म्हणजे द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून मागा.


माणदेशी_डाळिंब | गुरुवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी फुकट सांगत नाही. मॅडमचे चारही प्रश्न विक्रेत्याला फोनवर विचारले. जिवाणू स्टॅफिलोकॉकसच निघाला. द्रावण डीएमएसओ का काहीतरी म्हणाला. नुसत्या द्रावणाचं भोक होतं का, याला ‘वरिष्ठांना विचारतो’. पनीरवर चाचणी केलीय का, याला ‘सर, नैसर्गिक आहे ना’. माल्टोडेक्स्ट्रिनचं विचारल्यावर फोन कट.

एक शंका मात्र अजून डोक्यात आहे. आमच्याकडं भगव्या जातीच्या डाळिंबाला तेल्या रोग पडतो. त्यावर तांबं मारतात, स्ट्रेप्टोसायक्लिनही वर्षानुवर्षं मारलं गेलंय. ते सगळं सालीवरच राहत असेल ना? दाणे आत सुरक्षित, पण आपण साल खायला द्यायची म्हणतोय.


सूक्ष्मदर्शी_इस्लामपूर | गुरुवार, रात्री ९:०५

दादा, हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे आणि मलाही आधी सुचला नव्हता असं नाही, पण बागायतदाराच्या तोंडून यावा म्हणून थांबले होते.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग, झँथोमोनासचा. म्हणजे फवारणी मुळातच जिवाणू मारायची. तांबं जिवाणू मारतं, स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये तर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन गटाचं प्रतिजैविक असतं. अशा सालीचा अर्क काढून बशीत भोक भरलं आणि वर्तुळ आलं, तर ते टॅनिनचं की फवाऱ्याचं? ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये ‘साल बाजारातून आणली’ एवढंच लिहिलेलं असतं त्यांना मी हाच प्रश्न टाकते. शिवाय अर्क आटवताना आपण अवशेषही आटवतो. सालीत जेवढे होते त्याच्या कितीतरी पट पावडरीत येऊ शकतात. म्हणून अर्काचा विचार करण्याआधी सालीची अवशेष तपासणी, कीटकनाशकं, तांबं आणि प्रतिजैविकं तिन्हींची. निर्यातीच्या बागेत काढणीपूर्वी फवारणी थांबवायचा कालावधी पाळलेला असतो, ती साल वेगळी ठेवता आली तर बरं.

फिनॉलिकांच्या बाजूनेही बोलते, नाहीतर वैद्यबुवा मला नास्तिक ठरवतील. त्यांचा उपयोग आहे. तेलातुपाचा खवटपणा लांबवायला रोझमेरीचा अर्क युरोपात ई३९२ या क्रमांकानं रीतसर मान्य आहे. तिथं काम प्राणवायूला आवरायचं असतं, जिवाणू मारायचं नव्हे, आणि त्यात ही मंडळी पटाईत. फळांवरच्या कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेल्या पदार्थाच्या) लेपात सालीचे अर्क घालून बरंच काम झालंय. पदार्थ आंबट असेल, प्रथिनं-चरबी कमी असेल, तर जिवाणूंवरही त्यांची मात्रा चालते. साडेचारखालच्या पीएचला (हा आंबटपणाचा आकडा, कमी तितकं जास्त आंबट) फिनॉलिक आम्लं पेशीत शिरायच्या स्थितीत असतात, सोडियम बेंझोएटही तिथंच चालतं. जर्मन शास्त्रज्ञ लाइस्टनर यांनी अडथळ्यांची कल्पना मांडली होती, की जिवाणूपुढे एकच मोठी भिंत बांधण्यापेक्षा थोडं आम्ल, थोडं मीठ, थोडी थंडी, थोडा अर्क अशा लहान-लहान अडचणी उभ्या करा. सालीचा अर्क त्यातली एक अडचण होऊ शकतो. सहा पीएचच्या आसपास, निम्म्याहून जास्त ओलावा, भरपूर केसीन, अशा पनीरमध्ये त्याच्या एकट्याच्या जिवावर आठवडा वाढवून मागणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

वहिनींना माझा निरोप द्या. पनीर दाबून झालं की स्वच्छ, थंडगार पाण्यात ताबडतोब घाला, ते पाणी उकळून गार केलेलं हवं. कापड रोज उकळा. कापलेल्या पनीरला हात कमी लावा. निर्वात पिशवीत भरून लगेच चार अंशांवर. बहुतेक गटांचं पनीर त्या कापडात आणि त्या पाण्यात बिघडतं. एवढं केल्यावरही अर्क घालून बघायचाच असेल तर एकाच दिवसाच्या एकाच घाण्याचे दोन भाग करा, एकात अर्क, एकात नाही, पिशव्यांवर फक्त खुणा, कुठली कशाची ते एकालाच माहीत. दर दोन दिवसांनी एकेक पिशवी फोडून जिवाणू मोजायला प्रयोगशाळेत द्या. आणि विकण्याआधी, कुठल्या अन्नप्रकारात कुठलं परिरक्षक चालतं याची एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, यादी आहे, ती बघा. नैसर्गिक म्हटल्यानं यादीतून सूट मिळत नाही.


वैद्यबुवा_वाई | गुरुवार, रात्री ९:४०

नास्तिक नाही म्हणणार. डोस आणि अनुपान हे आयुर्वेदातही आहेच, तुम्ही केसीनला अपथ्य म्हणालात एवढंच. हिरड्याबद्दल मात्र वेगळा धागा काढतो. आमच्या महाबळेश्वर-कोयनेच्या रानातला हिरडा टॅनिनमध्ये डाळिंबाला मागे टाकतो आणि त्यावर फवारा कुणी मारत नाही.


अर्कवाला_कराड | गुरुवार, रात्री १०:०२

हा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच चामडं कमावण्यासाठी हिरडा कधीपासून बाहेर जातो. धागा काढा, येतो.


माणदेशी_डाळिंब | शुक्रवार, सकाळी ७:३०

वहिनींना सगळं वाचून दाखवलं. पावडरीचा नाद सोडलाय, निर्वात पॅकिंगचं यंत्र बघायला मिरजेला जायचं ठरलंय. मी अर्क काढत नाही. साल वाळवून भरड विकायची, खायला नाही, नैसर्गिक रंग करणाऱ्यांना. त्यांना टॅनिन हवं असतं, पनीर नको असतं. एकदोघांनी नमुना मागितलाय. फक्त एक विचारतो, रंगाला जाणार असेल तरी अवशेष तपासायचे का, आणि गोणी कसली वापरू?


अर्कवाला_कराड | शुक्रवार, सकाळी ९:१०

रंगाला जाणार असेल तरी तांबं तपासाच, तांब्यानं आणि लोहानं छटा बदलते आणि रंगारी माल परत पाठवतो. नमुना वरवरचा उचलू नका, ढिगाच्या पाच-सहा ठिकाणची साल एकत्र करून द्या. गोणी आतून प्लॅस्टिकची पिशवी असलेली, तोंड शिवून घेतलेली. तारेनं बांधू नका, गंजली की तिथली भरड काळी पडते.


टवाळ_मिरजकर | शुक्रवार, सकाळी ९:३३

आणि पहिल्या लॉटमधलं थोडं माझ्यासाठी बाजूला काढा. केस रंगवायचे आहेत, लोखंडी कढई माझी.